हुकूमशहाला हसण्याची सोय

चार्ली चॅप्लिनचा ‘द ग्रेट डिक्टेटर’ आम्ही प्रथम पाहिला तो १९७८ साली, पुण्यात, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. आणीबाणी उठून वर्ष लोटले होते. प्रेक्षकांत तुरुंगातून सुटून आलेली मंडळी होती, त्यांच्या घरची माणसे होती, आणि आमच्यासारखे कॉलेजात शिकणारे, मोर्चात घोषणा देणारे पोरसवदा कार्यकर्ते होते. पडद्यावरचा हिंकेल मायक्रोफोनपुढे खोकू लागला, ओरडू लागला, आणि त्याच्या ओरडण्याने मायक्रोफोनच भीतीने वाकून मागे सरला, तेव्हा सभागृहात जो हशा उठला तो आमच्या कानांत अजून आहे. तो नुसता विनोदाला मिळालेला हशा नव्हता. आपण जिंकलो आहोत, ही माणसे आता संपली, अशा खात्रीचा तो हशा होता. पुढे अठरा महिन्यांत जनता पक्ष आपल्याच भांडणांनी मोडून पडला आणि १९८० च्या जानेवारीत इंदिराबाई लोकसभेच्या ३५३ जागा घेऊन परत आल्या, हे वाचकांस ठाऊकच आहे.

तोच चित्रपट गेल्या महिन्यात पुन्हा पाहण्याचा योग आला. येथील तरुण कार्यकर्त्यांनी एका घराच्या माडीवर पांढरी चादर ताणून, भाड्याने आणलेल्या प्रोजेक्टरवर त्याचा खेळ लावला होता. येथील म्हणजे इस्लामपुरातील. शासनाने २०२५ साली या गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय घेतला. पण तोंडाला बसलेले नाव इतक्यात सुटत नाही, आणि या प्रसंगी नावांचा विषय पुढे येणारच आहे. पंधरावीस माणसे होती. दोन तासांचा चित्रपट संपल्यावर तरुणांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, याचे त्यांना वाईट वाटले. ज्या कलाकृतीवर आपण तरुणपणी प्रेम केले तिच्याविषयी म्हातारपणी तक्रार करणे हा कृतघ्नपणा दिसतो, हे आम्हांस कळते. तरीही ती तक्रार मांडली पाहिजे, कारण तिचा संबंध चॅप्लिनपेक्षा आमच्याशी आणि आमच्या चळवळीशी अधिक आहे.

प्रथम चॅप्लिनचे जे देणे आहे ते देऊन टाकू. चित्रीकरणाला सुरुवात झाली १९३९ च्या सप्टेंबरात, म्हणजे पोलंडवर जर्मन फौजा चालून गेल्या त्याच महिन्यात. आणि चित्रपट न्यूयॉर्कला झळकला १५ ऑक्टोबर १९४० रोजी. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. हॉलिवूडच्या कंपन्यांना जर्मनीतील धंद्याची काळजी होती आणि हिटलरला दुखवावे असे तेथे फार थोड्यांना वाटत होते. अशा वेळी या माणसाने स्वतःचे पैसे घालून, ज्यू न्हावी आणि हुकूमशहा अशा दोन्ही भूमिका स्वतः करून, जगातील सर्वांत भयंकर माणसाची नक्कल केली. दोघांचा जन्म एकाच वर्षाचा, १८८९ च्या एप्रिलचा, अवघ्या चार दिवसांच्या अंतराचा, मिशीही तीच. स्पेनमध्ये फ्रँको जिवंत असेपर्यंत हा चित्रपट दाखवू दिला नाही. १९५२ साली अमेरिकेने चॅप्लिनला परतीचा परवाना नाकारला, त्यामागे त्याच्या डाव्या मतांचा संशय होता. १९३१ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये तो गांधीजींना भेटला आणि यंत्रांविषयी त्यांच्याशी वाद घालून आला. माणूस आमचाच म्हणावा असा. त्याच्या धैर्यासंबंधी शंका घेण्याचा अधिकार आम्हांला नाही.

शंका आहे ती हशासंबंधी.

चित्रपटात एक प्रसंग आहे. हिंकेलचा सेनामंत्री हेरिंग धावत येतो आणि आनंदाने सांगतो की आपल्याला एक अप्रतिम विषारी वायू सापडला आहे, त्याने सगळे लोक मरतील. १९४० साली हे वाक्य एका जाड्या, बावळट मंत्र्याच्या उत्साहावरचा विनोद होता. १९७८ साली आम्ही त्यावर हसलो होतो काय, ते आता आठवत नाही. बहुधा हसलो असू. या वेळी माडीवर कोणी हसले नाही. छळछावणीच्या दृश्यातही तीच गत. न्हावी आणि शुल्ट्झ कैद्यांच्या रांगेत कवायत करतात, अंथरुणात शिरतानाही न्हाव्याचे पाय कवायतीच्या तालावरच चालतात, आणि सारे कसे शाळेच्या शिबिरासारखे दिसते. साठ लक्ष ज्यूंची कत्तल त्यानंतर झाली. चॅप्लिनने स्वतः १९६४ सालच्या आत्मचरित्रात कबूल केले आहे की छावण्यांतील खरे प्रकार ठाऊक असते तर हा चित्रपट आपल्याला काढता आला नसता. लेखकाने स्वतःच दोष पदरी घेतला, तेव्हा त्यावर अधिक बोलण्याचे कारण नाही. भविष्य न दिसल्याचा गुन्हा कोणावरच लावता येत नाही.

परंतु जे १९४० सालीही दिसत होते, त्याचे काय?

हा प्रश्न आम्हांला सुचलेला नाही. तो एका मुलीने विचारला. येथील महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकते. चित्रपट संपल्यावर चहा आला तेव्हा ती म्हणाली, “तात्या, ते एपस्टाइनचं मला पटलं नाही. हुकूमशहा लढाईसाठी कर्ज मागतो, ते एका ज्यू सावकाराकडे? आणि तो कर्ज देईल या आशेवर ज्यूंचा छळ थांबवतो? मग हिटलर तरी दुसरं काय म्हणत होता? सगळ्या पैशाच्या चाव्या ज्यूंच्या हातात आहेत, हेच ना?”

सुमारे पन्नास वर्षे ज्या चित्रपटाची आम्ही लोकांना शिफारस करीत आलो, त्यातील ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. कथानक असेच आहे. हिंकेलला ऑस्टरलिच देशावर स्वारी करायची आहे, तिजोरी रिकामी आहे, म्हणून एपस्टाइन नावाच्या धनिकाकडून कर्ज मिळेपर्यंत ज्यू वस्तीवरचे अत्याचार थांबवले जातात. एपस्टाइन नकार देतो आणि अत्याचार पुन्हा सुरू होतात. कथा पुढे ढकलण्यासाठी योजलेली ही एक सोपी युक्ती. पण हुकूमशहाच्या पैशाचा सबंध चित्रपटात एवढाच उल्लेख आहे, आणि तो उलटा आहे. प्रत्यक्षात काय घडले? २० फेब्रुवारी १९३३ रोजी गोअरिंगच्या सरकारी निवासस्थानी जर्मनीतील वीसपंचवीस बडे उद्योगपती जमले. क्रुप होते, आय. जी. फार्बेन या अवाढव्य रसायन उद्योगाचे प्रतिनिधी होते. हिटलरने त्यांना सांगितले की लोकशाहीत खाजगी उद्योग टिकू शकत नाही. आणि त्या बैठकीतून नाझी पक्षाच्या निवडणुकीसाठी तीस लक्ष मार्कांचा निधी उभा करण्याचे ठरले. सर्वांत मोठा आकडा आय. जी. फार्बेनचा होता. पुढे छावण्यांना जो विषारी वायू पुरवला गेला, तो पुरवणाऱ्या कंपनीत याच फार्बेनची भागीदारी होती. हेरिंगच्या वायूचा धागा येथे येऊन पोहोचतो. चॅप्लिनच्या चित्रपटात मात्र कारखानदार नाही, जमीनदार नाही, फौजेतला जुना सरंजामी सेनापती नाही. एक वेडा आहे, त्याचा थंड रक्ताचा सल्लागार गार्बिच आहे, एक जाडा मंत्री आहे. बाकी सारा देश जणू त्यांच्या तावडीत चुकून सापडला आहे.

कामगारांचेही तसेच. दारूगोळ्याच्या कारखान्यात संप झाला आहे, अशी बातमी हिंकेलच्या टेबलावर येते. किती संपकरी? तीन हजार. सगळ्यांना गोळ्या घाला, माझे कामगार असमाधानी असलेले मला चालणार नाहीत, असे तो म्हणतो. विनोद झणझणीत आहे आणि खराही आहे. २ मे १९३३ रोजी जर्मनीतील कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेऊन त्या मोडून टाकल्या गेल्याच होत्या. परंतु ते तीन हजार पडद्यावर एकदाही येत नाहीत. प्रतिकाराचे जे एकमेव दृश्य आहे ते पुडिंगचे. चारपाच जण जेवायला बसतात. ज्याच्या पुडिंगमध्ये नाणे निघेल त्याने जीव देऊन हिंकेलला ठार मारायचे. आणि हॅनाने सगळ्यांच्याच पुडिंगमध्ये नाणी घातलेली असल्यामुळे प्रत्येक जण आपले नाणे गुपचूप शेजाऱ्याच्या ताटलीत सरकवतो. न्हावी तर ती गिळून टाकतो. हा प्रसंग आम्हांला एके काळी चित्रपटातील सर्वांत गमतीचा वाटत असे. १९४३ च्या एप्रिलात वॉर्सातील ज्यूंनी मूठभर पिस्तुलांनिशी जर्मन फौजेशी जवळजवळ महिनाभर झुंज दिली, हे कळल्यावर त्या पुडिंगची चव बदलते.

आणि ज्या वाळवे तालुक्यात ही चादर ताणली होती, तेथे तर ती बदलतेच. १० सप्टेंबर १९४२ रोजी इस्लामपूरच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील इंजिनिअर पंड्या आणि विष्णू बारपटे हे दोघे त्यात पडले. आदल्याच दिवशी वडूजला गोळीबार झाला होता. त्यानंतर सातारा जिल्ह्यात (हा सगळा मुलूख तेव्हा साताऱ्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, ज्याला आमच्या आयाआज्या पत्री सरकार म्हणत. भाकरीत लपवलेली चिठ्ठी, रात्री बदलायचा मुक्काम, फितुराची भीती, हे सारे येथल्या घराघरांत घडले आहे. त्या लोकांतही भ्यालेले होते, शेजाऱ्याच्या ताटलीत नाणे सरकवणारे होते. ज्यांचे नाणे त्यांनी स्वतःच उचलले असेही होते. त्यांचा मागमूस ज्या विनोदात नाही तो विनोद इथे अपुरा पडतो.

एक गोष्ट येथे स्पष्ट बोलली पाहिजे. त्या काळात याच तालुक्याचा दुसरा एक पुत्र मुंबईत निराळ्याच आघाडीवर होता. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९४३ साली स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते. त्यांचा पक्ष तेव्हा युद्धाला लोकयुद्ध म्हणत होता आणि बेचाळीसच्या चळवळीपासून दूर होता. समाजवादी भूमिगत होते आणि कम्युनिस्टांना नावे ठेवीत होते. कोण किती बरोबर, याचा वाद आमच्या पिढीने चाळीस वर्षे घातला आणि त्याने कोणाचे भले झाले नाही. पण अण्णा भाऊंचा हशा पाहा. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि तमाशाच्या अंगाने लोकनाट्ये रचली. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘शेटजींचे इलेक्शन’. नुसती नावे वाचली तरी बाण कोणत्या दिशेने सुटला आहे ते कळते. हसवायचे कोणाला आणि हसायचे कोणाला, हे त्या माणसाला ठाऊक होते, कारण शेटजी म्हणजे काय हे तो उपाशी पोटाने शिकला होता. (त्याच वर्षांत आमच्या बोलपटांतला विनोद कुठे होता म्हणाल, तर मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’मध्ये, १९४० साली, चिमणराव-गुंड्याभाऊंच्या संगतीत होता, युद्धाची झळ त्याला लागलेली नव्हती, आणि दामूअण्णा मालवणकरांच्या तिरळ्या डोळ्यांवर पिकणारा हशा तेव्हा कोणाला खटकत नव्हता. परक्या सत्तेच्या सेन्सॉरखाली सत्ताधीशाची नक्कल करणे शक्यही नव्हते, म्हणून त्यांना दोष देत नाही.)

आता त्या भाषणाकडे येऊ. सर्वांना पाठ आहे ते भाषण. न्हाव्यालाच हिंकेल समजून व्यासपीठावर नेतात, आणि तो प्रेमाचे, माणुसकीचे, लोकशाहीचे भाषण करतो. आमच्या अभ्यासशिबिरांत ते कितीदा वाचले गेले असेल याची गणती नाही. अलीकडे ते मराठीत भाषांतरित होऊन प्रत्येकाच्या मोबाइलवर फिरत असते. तरुणांनी टाळ्या वाजवल्या त्या यालाच. आमची खरी तक्रारही याच भाषणाशी आहे. चित्रपटाच्या आरंभी हिंकेल बोलतो तेव्हा गर्दी गर्जना करते. त्याने हात वर केला की ती गर्जना कापल्यासारखी थांबते. फार मार्मिक जागा आहे ती. शेवटी न्हावी नेमके उलट बोलतो, आणि तीच गर्दी, तितक्याच जोराने, त्यालाही गर्जना करून दाद देते. तिने मघाशी काय ऐकले होते, शेजाऱ्याच्या दुकानाची काच फोडताना ती कुठे होती, आता कोणत्या कारणाने बदलली, हे चित्रपट विचारीत नाही. चांगले भाषण झाले, लोक बदलले.

कार्यकर्ते मित्रहो, हे औषध आम्ही किती वर्षे घेत आहोत! समोरचा पुढारी विदूषक आहे, त्याची नक्कल करावी. आपला वक्ता प्रामाणिक आहे, त्याचे भाषण ठेवावे. म्हणजे लोक उठतील. आमच्या सभांना सर्वांत मोठा हशा कुठल्या वक्त्याला मिळत असे, तर नकला करणाऱ्याला. लोक पोट धरधरून हसत, खुर्च्या उचलण्यापर्यंत थांबत, आणि मत दुसरीकडे देऊन येत. ते फसवीत नव्हते. नकलेला हसणे ही एक गोष्ट आणि सोसायटीचे कर्ज, उसाचे बिल, पाण्याची पाळी ज्याच्या हातात आहे त्याच्या विरुद्ध जाणे ही दुसरी. हशा फुकट होता, मत महाग होते. त्या महागाईचा हिशेब आम्ही मांडला नाही.

जर्मनीचा आकडा सांगतो. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझींना ३३.१ टक्के मते पडली. त्याच निवडणुकीत सोशल डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट यांची मते मिळून ३७ टक्क्यांहून अधिक होती. जागा नाझींच्या १९६, आणि या दोघांच्या मिळून २२१. दोघांचीही व्यंगचित्रे उत्तम होती, नकलाकार उत्तम होते, वक्ते तर विचारूच नका. कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना फॅसिस्टांचे भाऊ म्हणत होते. तीन महिन्यांत हिटलर चॅन्सेलर झाला आणि मग दोघेही एकाच छावणीत भेटले. हे चॅप्लिनच्या चित्रपटात नाही, आणि तो विनोदी चित्रपट असल्याने असायला हवे असेही नाही. पण त्या चित्रपटावर आपले राजकीय शिक्षण उरकून घेणाऱ्यांनी एवढे तरी शेजारी ठेवून वाचले पाहिजे. आज त्याच हिटलरचे आत्मचरित्र बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर यशाच्या गुरुकिल्ल्यांच्या शेजारी मांडलेले असते आणि विकत घेणारी मुले काही राक्षस नसतात. त्यांना ‘तो विदूषक होता’ असे सांगून भागत नाही. त्यांना त्यात शिस्त दिसते, जिद्द दिसते. विदूषक पाहून ती हसतात, आणि पुस्तक घेतात.

मग या चित्रपटात काहीच उरले नाही काय? उरले आहे. पृथ्वीच्या गोलाशी हिंकेल जे नाचतो ते दृश्य उरले आहे, कारण त्यात तो विदूषक दिसत नाही. आत्मरत, मोहक, आणि म्हणूनच भयंकर दिसतो. फुगा फुटेपर्यंत आपणही त्या नाचात गुंगतो. आणि दुसरे एक दृश्य, ज्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पहिल्या महायुद्धात स्मृती गमावलेला न्हावी इतकी वर्षे इस्पितळात काढून आपल्या दुकानी परत येतो. मधल्या काळात काय घडले याची त्याला वार्ता नाही. पाहतो तो दुकानाच्या काचेवर पांढऱ्या रंगात मोठ्या अक्षरांनी ‘ज्यू’ असे रंगवलेले. तो रागावत नाही, घाबरतही नाही. फडके घेतो आणि पुसू लागतो. कोणीतरी आपली काच घाण केली, ती स्वच्छ केली पाहिजे, एवढेच त्याला कळते. शिपाई येऊन अडवतात तेव्हा तो खरोखरीच आश्चर्य करतो. या आश्चर्यात जेवढे राजकारण आहे तेवढे त्या सबंध भाषणात नाही. बाकीच्या वस्तीला आश्चर्य वाटेनासे झाले आहे. काचेवर कोण काय रंगवतो, दुकानाला, गल्लीला, गावाला कोणते नाव चिकटवतो किंवा खरवडून काढतो, याची तिला सवय झाली आहे. ज्याला सवय झाली नाही असा एकच माणूस आहे, आणि तोही वीस वर्षे बेशुद्धीत होता म्हणून. माडीवर त्या वेळी शांतता पसरली होती. तेथे हसावे की नाही हे कोणाला कळेना.

येत्या १० सप्टेंबरला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ या चित्रपटातील काही भाग दाखवून चर्चा ठेवावी, असा विचार त्याच रात्री निघाला. काचेचे दृश्य दाखवावे, गोलाचे दाखवावे, भाषण मात्र दाखवू नये, असे आम्ही सुचवले. त्यावर बराच वाद झाला. तरुणांचे म्हणणे, लोक भाषणासाठीच येतील. शेवटी हात वर करून मोजणी झाली आणि भाषण दाखवायचे असे ठरले. अल्पमतात आम्ही आणि आणखी चौघे. भाषण संपताच दिवे लावावेत, टाळ्या ओसरण्याची वाट पाहू नये, आणि अर्थशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीने फेब्रुवारी १९३३ च्या बैठकीवर वीस मिनिटे बोलावे, एवढी आमची सूचना मात्र एकमताने मान्य झाली आहे.